पनामाचा कालवा आणि त्याला लागणारं पावसाचं पाणी

पनामाचा कालवा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक लांबलचक चर येतो. मधली जमीन खणली, दोन महासागर जोडले आणि जहाजं ये-जा करू लागली. पण या कालव्यातून समुद्राचं पाणी आरपार वाहत नाही. सुमारे 80 किलोमीटरच्या वाटेतला बहुतेक भाग गोड्या पाण्याचा आहे आणि ते पाणी समुद्रसपाटीपासून 26 मीटर उंचीवर आहे. अटलांटिककडून आलेलं जहाज 26 मीटर वर चढतं, धरण बांधून अडवलेल्या तलावातून जातं, डोंगर कापून केलेल्या खिंडीतून पुढे सरकतं आणि प्रशांत महासागराच्या बाजूला पुन्हा 26 मीटर खाली उतरतं. हजारो टनांचं जहाज वर उचलायला एकही पंप वापरला जात नाही. पाणी वरून खाली वाहतं, एवढ्या एकाच नियमावर सगळं चालतं.

वर तलाव भरलेला असेल तरच हे जमतं, आणि तलाव भरतो तो पावसाने. या कालव्याची कथा सहसा यंत्रांची, पैशांची आणि राजकारणाची म्हणून सांगितली जाते. मला मात्र ती चाग्रेस नावाच्या नदीची कथा वाटते. ज्यांनी या नदीला अडथळा मानलं ते बुडाले आणि ज्यांनी तिलाच कामाला लावलं त्यांचा कालवा झाला. आज कालवा अडचणीत येतो तोही तिच्याच पाण्यापायी.

सुरुवात मात्र सुएझपासून करायला हवी, कारण पनामातल्या पहिल्या चुकीचं मूळ तिथल्या यशात आहे. फर्डिनांड द लेसेप्स हा फ्रेंच गृहस्थ इंजिनियर नव्हता, राजनैतिक अधिकारी होता. पण माणसं गोळा करणं, पैसा उभा करणं आणि हातात घेतलेलं काम सोडायचं नाही, यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. 17 नोव्हेंबर 1869 रोजी सुएझ कालवा सुरू झाला आणि युरोपातून मुंबईला येण्यासाठी आफ्रिकेला वळसा घालायची गरज उरली नाही. मुंबई बंदराची पुढची भरभराट बऱ्याच अंशी त्याच कालव्याच्या जोरावर झाली. सुएझची जमीन सपाट आणि कोरडी होती आणि दोन्ही समुद्रांच्या पातळीत फारसा फरक नव्हता. त्यामुळे वाळू उपसून समुद्रसपाटीला चर खणला की काम भागलं. लॉक, म्हणजे जहाज पायरीपायरीने वर-खाली नेणारे दरवाजांचे हौद, नाहीत, धरण नाही.

1879 मध्ये पॅरिसला परिषद भरली तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या लेसेप्सने पनामातही समुद्रसपाटीचाच कालवा हवा असा आग्रह धरला. त्याच परिषदेत गोदँ द लेपिने नावाच्या एका फ्रेंच इंजिनियरने वेगळी सूचना केली होती: चाग्रेस नदीवर धरण बांधा, तलाव करा आणि दोन्ही बाजूंना लॉक बांधून जहाजं वर चढवा. आज जो कालवा आहे तो जवळजवळ असाच आहे. पण सुएझच्या वीरापुढे त्याचं कुणी ऐकलं नाही.

पनामात सुएझसारखं काहीच नव्हतं. मध्ये डोंगराची रांग आणि घनदाट जंगल. अटलांटिकच्या बाजूला वर्षाला तीन मीटरच्या वर पाऊस, तोही मुख्यतः मे ते डिसेंबर. चाग्रेस नदी उन्हाळ्यात निवांत वाहायची आणि पावसाळ्यात चोवीस तासांत कित्येक मीटर चढायची. कालव्याची आखलेली रेषा ती पुन्हा पुन्हा ओलांडत होती. समुद्रसपाटीच्या चरात असली नदी सोडायची कशी, याला शेवटपर्यंत धड उत्तर सापडलं नाही. त्यात प्रशांत महासागराकडची भरती-ओहोटी पाच-सहा मीटरपर्यंत जाते आणि अटलांटिककडची जेमतेम अर्धा मीटर. नुसता चर खणला असता तर त्यातून दिवसाला दोनदा जोरदार प्रवाह सुटला असता.

फ्रेंचांचं काम 1881 मध्ये सुरू झालं आणि 1889 मध्ये कंपनी बुडाली. मधल्या काळात सुमारे 22,000 माणसं मेली असा अंदाज आहे. अंदाजच, कारण इस्पितळात दाखल न होता मेलेल्यांची नोंद कुणी ठेवली नाही. शेवटी शेवटी लेसेप्सने हट्ट सोडला आणि 1887 मध्ये लॉक बांधण्याचं काम गुस्ताव्ह आयफेलला दिलं, ज्याच्या नावाचा मनोरा पॅरिसमध्ये आहे तोच. पण तोवर पैसा आणि लोकांचा विश्वास दोन्ही संपले होते. आपली पुंजी शेअर्समध्ये घातलेली लाखो साधी फ्रेंच कुटुंबं नागवली गेली. खासदारांना लाच दिल्याची प्रकरणं बाहेर आली, खटले झाले.

या मृत्यूंचं कारण समजून घेण्यासाठी पनामा शहरातल्या आंकोनच्या फ्रेंच इस्पितळात डोकावायला हवं. इस्पितळ उत्तम होतं. वॉर्ड हवेशीर होते, भोवती राखलेली बाग होती. खाटांवर मुंग्या चढू नयेत म्हणून प्रत्येक खाटेचे पाय पाण्याच्या भांड्यात ठेवलेले असत. बागेतल्या झाडांना पानं खाणाऱ्या मुंग्यांचा उपद्रव होई, म्हणून बुंध्यांभोवतीही पाण्याची गोल भांडी. खिडक्यांना जाळ्या मात्र नव्हत्या. पीतज्वर पसरवणाऱ्या डासाला स्वच्छ, साठलेलं, माणसांजवळचं पाणी लागतं आणि ते इथे प्रत्येक खाटेखाली मांडून ठेवलेलं होतं. पीतज्वराचा एक रोगी आला की तिथलेच डास त्याला चावून शेजारच्या रोग्याला चावत. पाय मोडला म्हणून आलेला माणूस पीतज्वराने मरे. त्या नर्सेसनी आणि डॉक्टरांनी जीव तोडून सेवा केली. रोग कसा पसरतो हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं, आणि दूषित हवेने ताप येतो अशीच सर्वसाधारण समजूत होती.

क्यूबातल्या कार्लोस फिनले या डॉक्टरने 1881 मध्येच डासावर बोट ठेवलं होतं, पण त्याला कुणी गांभीर्याने घेतलं नाही. मलेरियाचा धागा भारतात सापडला. ऑगस्ट 1897 मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉसला ॲनॉफिलीस डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. 1900 मध्ये क्यूबात वॉल्टर रीडच्या पथकाने फिनलेचं म्हणणं प्रयोगाने सिद्ध केलं. हे सगळं फ्रेंच कंपनी बुडाल्यानंतर. विज्ञान दहा-पंधरा वर्षं आधी पोचलं असतं तर पनामातल्या कबरींची संख्या कितीतरी कमी झाली असती, हा विचार मनातून जात नाही.

अमेरिकेने 1904 मध्ये काम हाती घेतलं. पनामा 1903 पर्यंत कोलंबियाचा प्रांत होता. कोलंबियाच्या सेनेटने अमेरिकेबरोबरचा करार फेटाळला, मग 3 नोव्हेंबर 1903 रोजी पनामाने स्वातंत्र्य जाहीर केलं. तेव्हा कोलंबियाच्या फौजेला आवरायला अमेरिकेच्या युद्धनौका किनाऱ्यावर हजर होत्या. पंधरा दिवसांत करार झाला आणि त्यावर पनामाच्या वतीने सही कुणी केली, तर फिलिप ब्युनो-व्हारिया या फ्रेंच माणसाने, ज्याचे हितसंबंध जुन्या फ्रेंच कंपनीत गुंतलेले होते. कालव्याभोवतीचा दहा मैल रुंदीचा पट्टा कायमचा अमेरिकेच्या ताब्यात गेला. या एका सहीची सल पनामाच्या लोकांना पुढची 96 वर्षं राहिली.

सुरुवातीला अमेरिकनांनीही फ्रेंचांचीच चूक केली. लगेच खणायला घेतलं, पीतज्वर पसरला, आणि माणसं मिळेल ती बोट पकडून पळू लागली. 1905 मध्ये जॉन स्टीव्हन्स मुख्य इंजिनियर म्हणून आला. मुळात तो रेल्वेचा माणूस. आल्यावर त्याने खणणं चक्क थांबवलं. आधी राहायला घरं, खायला अन्न, प्यायला पाणी, मग रेल्वे आणि शेवटी माती, असा क्रम त्याने लावला. विल्यम गॉर्गस या लष्करी डॉक्टरला हवी तेवढी माणसं आणि सामान दिलं. गॉर्गसच्या पथकांनी घराघरांत शिरून धुरी दिली, खिडक्यांना जाळ्या बसवल्या, डबक्यांवर रॉकेल ओतलं, दलदली बुजवल्या. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पनामा आणि कोलोन या दोन्ही शहरांत नळाचं पाणी आणलं. नळ आल्यावर अंगणातली पावसाच्या पाण्याची पिंपं गेली आणि पिंपांबरोबर डासांच्या अळ्याही. नोव्हेंबर 1905 नंतर पनामा शहरात पीतज्वराने मृत्यू झाला नाही. मलेरिया पूर्ण गेला नाही, पण आटोक्यात आला. कालव्याच्या श्रेयनामावलीत गॉर्गसचं नाव इंजिनियरांच्याही आधी यायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्टीव्हन्सचं दुसरं मोठं काम म्हणजे त्याने समुद्रसपाटीच्या कालव्याचा नाद सोडायला लावला. पावसाळ्यातली चाग्रेस त्याने डोळ्यांनी पाहिली होती. 1906 मध्ये अमेरिकेच्या सेनेटने थोड्या मतांच्या फरकाने लॉकच्या कालव्याला मान्यता दिली. गोदँ द लेपिनेची सूचना सत्तावीस वर्षांनी खरी झाली. पुढच्याच वर्षी स्टीव्हन्सने राजीनामा दिला आणि जॉर्ज गोएथल्स या लष्करी इंजिनियरने काम तडीस नेलं.

आता रचना पाहू. चाग्रेस नदी जिथे अटलांटिकला मिळायला निघते तिथे गातून नावाच्या ठिकाणी मातीचं धरण बांधलं. लांबी दोन किलोमीटरच्या वर, पायथ्याशी रुंदी जवळपास 800 मीटर. मध्ये चिकणमातीचा गाभा, दोन्ही अंगांना खडक आणि मातीचा भराव. त्या काळातलं हे जगातलं सर्वांत मोठं मातीचं धरण होतं, आणि त्यामागे साठलेला 425 चौरस किलोमीटरचा गातून तलाव हा सर्वांत मोठा मानवनिर्मित तलाव. ज्या नदीच्या पुराने फ्रेंचांच्या नाकी नऊ आणले, तिचा पूर आता साठा झाला. धरणाच्या सांडव्याजवळ वीजघर बांधलं आणि लॉकचे दरवाजे हलवायला लागणारी वीज त्याच पाण्यातून काढली. तलावाखाली चाग्रेसच्या काठची गावं गेली, जुन्या रेल्वेमार्गाचा बराच भाग गेला, आणि हजारो माणसांना उठून दुसरीकडे जावं लागलं. धरणग्रस्तांच्या वाट्याला जे येतं तेच त्यांच्याही वाट्याला आलं. कालव्याच्या उत्सवी वर्णनांत त्यांचा उल्लेख शोधावा लागतो.

लॉक म्हणजे दोन टोकांना दरवाजे असलेला काँक्रीटचा प्रचंड हौद. जुन्या लॉकमधला प्रत्येक हौद सुमारे 305 मीटर लांब आणि 33.5 मीटर रुंद आहे. जहाज समुद्राच्या पातळीवर हौदात शिरतं, मागचा दरवाजा बंद होतो. मग भिंतीतल्या साडेपाच मीटर व्यासाच्या भुयारी नळांच्या झडपा उघडतात. वरच्या हौदातलं पाणी त्या नळांतून तळाखालच्या आडव्या नळांत जातं आणि तळातल्या भोकांमधून सगळीकडून सारखं वर येतं. पाणी एकाच बाजूने सोडलं असतं तर जहाज भिंतीवर आदळलं असतं. आठ-दहा मिनिटांत हौद भरतो, जहाज वर येतं, पुढच्या हौदाइतकी पातळी झाली की मधला दरवाजा उघडतो. गातूनला अशा तीन पायऱ्या आहेत. पलीकडे उतरताना पेद्रो मिगेलला एक आणि मिराफ्लोरेसला दोन.

दरवाजे पोलादाचे, दोन पाखांचे, दोन मीटरहून जाड. मिटल्यावर त्यांचा कोन वरच्या पाण्याकडे टोक करून राहतो, त्यामुळे पाण्याचा दाब जितका जास्त तितके ते घट्ट बसतात. पाखं आतून पोकळ आहेत, म्हणून पाण्यात ती जवळजवळ तरंगतात आणि बिजागरांवर फार भार येत नाही. शेकडो टनांची पाखं सुरुवातीला साध्या विजेच्या मोटरवर हलायची. हौदात जहाज मधोमध राहावं म्हणून दोन्ही काठांवरच्या रुळांवरून विजेची इंजिनं दोर ताणून चालतात. त्यांना तिथे खेचरं म्हणतात. जुन्या लॉकच्या मापाचं सर्वांत मोठं जहाज 32.3 मीटर रुंद असतं, म्हणजे दोन्ही बाजूंना साठ सेंटिमीटरच्या आसपास जागा उरते. आपल्याकडे मुंबईत, कोकणात आणि गोव्यात मर्चंट नेव्हीत काम केलेली माणसं गावोगाव आहेत. त्यातल्या कुणी हा कालवा पार केला असेल तर त्याला पनामाच्या पायलटबद्दल, म्हणजे तिथली वाट ठाऊक असलेल्या, जहाजावर येणाऱ्या वाटाड्याबद्दल, विचारून पहा. जगात इतरत्र पायलट सल्ला देतो आणि जबाबदारी कॅप्टनची राहते. इथे जहाज चालवण्याचा पूर्ण ताबा कालव्याच्या पायलटकडे जातो.

पाण्याचा हिशोब इथे एकदा नीट मांडतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गातूनची 26 मीटरची चढण तीन पायऱ्यांत विभागली, तर एका पायरीला साधारण 8.7 मीटर. 305 गुणिले 33.5 गुणिले 8.7 केलं की सुमारे 89,000 घनमीटर, म्हणजे जवळपास नऊ कोटी लिटर येतात. तलावातून तेवढंच पाणी घ्यावं लागतं, कारण वरच्या हौदातलं पाणी खालच्या दोन हौदांत पुन्हा वापरलं जातं. पलीकडे उतरताना साधारण तेवढंच आणखी. दोन्ही मिळून एका जहाजामागे अंदाजे 20 कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. हौद भरायला लागणारं पाणी जहाजाच्या आकारावर ठरत नाही, हौदाच्या मापावर ठरतं. एकटी शिडाची होडी हौदात घेतली तरी हौद तेवढाच भरावा लागतो. दिवसाला 36 जहाजं धरली तर ढोबळमानाने 720 कोटी लिटर. मुंबई महापालिका अख्ख्या शहराला रोज जवळपास 400 कोटी लिटर पाणी पुरवते, यावरून या आकड्याचा अंदाज यावा.

बांधकामातला सगळ्यात जिकिरीचा भाग लॉक नव्हता, धरणही नव्हतं. तो होता कुलेब्राचा डोंगर. तलावाचं पाणी प्रशांत महासागराच्या बाजूला न्यायचं तर दोन महासागरांची पाणलोटं वेगळी करणारी ही रांग सुमारे 13 किलोमीटर लांब कापायची होती. अमेरिकनांनी इथून साडेसात कोटी घनमीटरच्या आसपास माती-दगड काढले. सुरुंग लावायचे, वाफेच्या यंत्रांनी दगड उचलून मालगाडीत भरायचे, गाडी धरणाकडे किंवा समुद्राकडे न्यायची. ऐन भरात दिवसाला दीडशेच्या आसपास गाड्या भरून निघत. गाडी रिकामी करण्याची युक्ती पाहण्यासारखी होती. डबे एका बाजूने उघडे आणि एकमेकांना पत्र्यांनी जोडलेले असत. शेवटच्या डब्यावर नांगरासारखं तिरकं पातं ठेवून ते तारेच्या दोराने पुढच्या टोकापर्यंत ओढायचे. सगळा माल बाजूला ढकलला जाई आणि वीस डब्यांची गाडी दहा मिनिटांत मोकळी होई. हाच राडारोडा गातूनच्या धरणात आणि प्रशांत किनाऱ्यावर समुद्रात टाकलेल्या बांधात गेला. पनामा शहरातली माणसं आज संध्याकाळी त्या बांधावर फिरायला जातात.

आणि तरी डोंगर हटेना. कुलेब्रातली माती आणि शेल नावाचा मऊ खडक भिजला की साबणासारखा निसरडा होतो. ऑक्टोबर 1907 मध्ये कुकाराचा इथली दरड सुटली आणि दहा दिवस रोज चार मीटरच्या वेगाने खाली सरकत राहिली. रूळ, यंत्रं, गाड्या सगळं गाडलं गेलं. दरड उपसावी तेवढी वरून नवी येई. याहून चमत्कारिक प्रकार तळाशी होई: दोन्ही बाजूंच्या डोंगरांचं वजन खालच्या मऊ थरांवर पडून खिंडीचा तळच वर उचलला जाई. काल खणलेली जागा आज पुन्हा उंच. शेवटी उतार सपाट करत करत खिंडीचं तोंड आधी ठरवलं होतं त्याच्या कितीतरी पट रुंद करावं लागलं. या भागाची जबाबदारी असलेला डेव्हिड गेलार्ड डिसेंबर 1913 मध्ये मेंदूतल्या गाठीने गेला. कालवा सुरू झालेला त्याला पाहता आला नाही.

खणणाऱ्यांत बहुसंख्य माणसं कॅरिबियन बेटांवरची होती. एकट्या बार्बाडोसमधून सुमारे 20,000 आली. गोऱ्या अमेरिकनांचा पगार सोन्याच्या नाण्यांत आणि काळ्या मजुरांचा चांदीच्या, आणि त्यावरून घरं, दुकानं, पोस्टाच्या खिडक्यासुद्धा ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ अशा वेगळ्या. सुरुंगाचं काम, दरडीखालचं काम चांदीवाल्यांकडे. अमेरिकन काळातल्या 5,609 नोंदलेल्या मृत्यूंत फार मोठा वाटा त्यांचाच आहे.

26 सप्टेंबर 1913 रोजी ‘गातून’ नावाची टगबोट चाचणीसाठी लॉकमधून वर चढवली. पुढच्या महिन्यात राष्ट्राध्यक्ष विल्सनने वॉशिंग्टनमध्ये बसून कळ दाबली, तारेने संदेश गेला आणि खिंडीत पाणी येऊ न देणारा शेवटचा बांध उडवला गेला. कालवा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सर्वप्रथम पार केला तो ‘अलेक्झांद्र ला व्हाले’ या जुन्या क्रेनबोटीने, 7 जानेवारी 1914 रोजी. ही बोट फ्रेंचांनी मागे सोडलेली होती. मला हे फार योग्य वाटतं. अधिकृत उद्घाटन 15 ऑगस्ट 1914 रोजी ‘आंकोन’ जहाजाने झालं, पण युरोपात महायुद्ध पेटलं होतं आणि त्याकडे पाहायला जगाला सवड नव्हती. दरडींनी मात्र पिच्छा सोडला नाही. सप्टेंबर 1915 ते एप्रिल 1916 कालवा त्यांच्यामुळे बंद राहिला. पण न्यूयॉर्क ते सान फ्रान्सिस्को हा दक्षिण अमेरिकेला वळसा घालून होणारा प्रवास निम्म्याहून कमी झाला होता.

मालकीच्या प्रश्नावरून 9 जानेवारी 1964 रोजी दंगली झाल्या, पनामाचे विद्यार्थी आणि नागरिक मेले. 1977 मध्ये पनामाचे नेते ओमार तोरिहोस आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी करार केला, आणि 31 डिसेंबर 1999 रोजी कालवा पनामाकडे आला. पनामा हे सांभाळू शकणार नाही, असं म्हणणारे त्या वेळी पुष्कळ होते. पनामाने तो चांगला चालवला, आणि जहाजं जुन्या हौदांत मावेनाशी झाली तेव्हा वाढवलाही.

26 जून 2016 रोजी सुरू झालेल्या नव्या लॉकचे हौद 427 मीटर लांब आणि 55 मीटर रुंद आहेत. दरवाजे बाजूला सरकणारे. खेचरांऐवजी टगबोटी. इतका मोठा हौद दर वेळी तलावातून भरला तर तलाव पुरणार नाही, म्हणून प्रत्येक हौदाशेजारी वेगवेगळ्या उंचीवर तीन उथळ टाक्या बांधल्या. हौदातून जे पाणी खाली सोडायचं आहे त्याचे वरून खाली पाच सारखे थर कल्पा. हौद रिकामा करताना पहिला थर वरच्या टाकीत जातो, दुसरा मधल्या, तिसरा खालच्या. उरलेले दोन थर सोडून द्यावे लागतात, कारण त्यांच्याहून खाली टाकी नाही. पुढच्या वेळी हौद भरताना खालची टाकी तळाचा पाचवा थर भरते, मधली चौथा, वरची तिसरा. वरचे दोन थर तेवढे तलावातून घ्यायचे. पाणी प्रत्येक वेळी दोन थर खाली उतरतं, म्हणून इथेही पंप लागत नाही. पाचपैकी तीन थर, म्हणजे 60 टक्के पाणी वाचतं. नव्या लॉकमध्ये कितीतरी मोठं जहाज जुन्या लॉकहून थोड्या कमी पाण्यात जातं. या युक्तीची एक किंमत आहे. टाक्यांतून आणि मोठ्या हौदांतून समुद्राचं खारं पाणी तलावाकडे जास्त सरकतं, आणि विस्तारानंतर गातूनची क्षारता वाढली आहे. याच तलावाच्या व्यवस्थेवर पनामाच्या निम्म्याच्या वर लोकसंख्येचं पिण्याचं पाणी अवलंबून आहे.

2023 मध्ये अल निनोच्या वर्षी पाऊस फारच कमी पडला. 1950 पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑक्टोबर नव्हता. तलावाची पातळी उतरली की दोन गोष्टी होतात. जहाजांच्या खाली पाणी कमी उरतं, म्हणून त्यांना माल कमी भरावा लागतो. नव्या लॉकमधल्या जहाजाचा तळ पाण्यात किती खोल असावा याची 50 फुटांची मर्यादा 44 वर आली. आणि पाणी वाचवायचं म्हणून जहाजांची संख्या कमी करावी लागते. रोजची 36 ते 38 जहाजं 22-24 वर आली. जुन्या लॉकच्या शेजारच्या दोन हौदांत पाणी इकडून तिकडे फिरवून वापरलं जाऊ लागलं. रांगेत पुढे जाण्यासाठी एका कंपनीने लिलावात जवळपास 40 लाख डॉलर मोजले, तेही नेहमीच्या टोलवर. कित्येक जहाजं सुएझकडून किंवा थेट आफ्रिकेला वळसा घालून गेली. 2024 च्या पावसाने तलाव पुन्हा भरला आणि वाहतूक पूर्ववत झाली, पण पुढच्या अल निनोला काय करायचं हा प्रश्न कालव्याच्या प्राधिकरणापुढे तसाच आहे.

त्यांचं उत्तर पश्चिमेकडच्या रिओ इंदिओ नदीवर आहे. तिथे नवं धरण बांधायचं आणि बोगद्यातून पाणी गातूनमध्ये आणायचं. प्राधिकरण म्हणतं, पुढची पन्नास वर्षं शहरांचं पिण्याचं पाणी आणि कालवा दोन्ही यानेच भागेल. या योजनेत दोन हजारांच्या आसपास माणसांची घरं-शेतं पाण्याखाली जातील. त्या खोऱ्यातले शेतकरी मोर्चे काढत आहेत. आधी बायानो तलावाचं पाणी आणण्यासारखे दुसरे पर्याय तपासा, अशी त्यांच्या बाजूच्या लोकांची मागणी आहे. 1913 मध्ये गातूनच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. या वेळी विचारणा होते आहे, बाधित कुटुंबांची मोजणी झाली, भरपाईची बोलणी होत आहेत. खोऱ्यातल्या अनेक कुटुंबांचं उत्तर अजून नाही असंच आहे.